कसलं बराबर

कनेरगाव नाका
२२ सप्टेंबर २०२४

मोहनसिंग,

वर ‘प्रिय’ लिहावं की नको यात दोन कप चहा गार झाला, म्हणून शेवटी नुसतं नाव लिहिलं. पत्ता बेबीबाईनं दिला. बहिणीवर चिडू नको, मीच तिच्या मागे लागलो होतो. ती देत नव्हती. मग म्हणाली, “दादा, फोन तर त्यो तुमचा उचलणार न्हाई. कागद फाडायला तरी हातात घेईल.” तेवढ्या भरवशावर लिहितो आहे.

कामाचं सांगतो. पुण्याला आपल्या जुन्या गोल्फ मैदानाच्या कचेरीतून फोन आला होता. तिथं आता नवीन सेक्रेटरी आहेत. दख्खन चषक आठवतो का, असं विचारत होते. म्हटलं, मला आठवतो, पण तुम्हाला कुठून आठवला? तर मैदानाच्या कडेचा रस्ता रुंद होणार आहे, त्यात शेवटचा होल जाणार. तळ्यासकट. ते तळं बुजवायच्या आत चषक खेळलेल्या सगळ्यांना एकदा बोलवायचं ठरलं आहे. १२ जानेवारीला, रविवारी. खेळायचं जुन्याच पद्धतीनं, जोडीत एकच बॉल, एक फटका याचा आणि पुढचा त्याचा. जोड्याही जुन्याच. ज्याचा जोडीदार येणार नाही त्यानं कडेला खुर्चीवर बसून टाळ्या वाजवायच्या.

खुर्चीवर बसायला मी पुण्यापर्यंत जाणार नाही. खुर्च्या माझ्या धाब्यावर ढीगभर आहेत.

म्हणून विचारतो आहे, येतोस का? डिसेंबरच्या पंधरा तारखेपर्यंत नावं कळवायची आहेत. तू तिकडं निलगिरीत कुठल्याशा मैदानावर पोरांना शिकवतोस म्हणे, म्हणजे हात चालू असतील. माझे नाहीत. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. बॉल उडताना दिसतो, पडताना दिसत नाही. तू बघशील आणि सांगशील.

मी तुझ्यावर रागावलेलो नाही असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. शेवटच्या वर्षी शेवटच्या होलवर तू तो फटका का मारलास, हे मला बारा वर्षं झाली तरी कळलेलं नाही. आणि जे कळत नाही त्याचा राग उतरत नाही. पण राग ठेवूनही खेळता येतं. आपल्याला तिथं गप्पा मारायला नाही बोलावलेलं.

येणार असलास तर कळव. नसलास तरी कळव.

विश्वंभर


कनेरगाव नाका
८ ऑक्टोबर २०२४

मोहनसिंग,

उत्तर नाही. तशी अपेक्षा नव्हती, तरी पोस्टमन नाक्यावर थांबला की मी गल्ल्यावरून मान वर करतो. तो चहा पितो आणि जातो.

सेक्रेटरींचा परत फोन आला. त्या दिवशी चषकाबद्दल चार शब्द मी बोलावेत, असं त्यांचं म्हणणं. कारण त्यांच्याकडं चषकाची काही माहितीच नाही. मी विचारलं, निदान तो चांदीचा कप तरी आहे ना? ते शोधून सांगतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाले, सापडला, आमच्या स्वागतकक्षात आहे, आम्ही त्यात फुलं ठेवतो. बघ म्हणजे. त्या भांड्यासाठी तू एकदा तापाच्या अंगानं सगळं मैदान चाललास, आणि आता त्यात झेंडूची फुलं आहेत.

तर काय बोलायचं याची तयारी मी तुझ्यावरच करून घेतो. चुकलो तर सुधार.

चषक २००५ साली निघाला. तेव्हा मैदान चालवणाऱ्या कर्नलसाहेबांची कल्पना आणि एका पंप बनवणाऱ्या कंपनीचं पाठबळ. गोल्फ म्हणजे एकट्यानं खेळायचा आणि एकट्यानं हरायचा खेळ, त्यात संघ करायचे म्हटल्यावर मोठे मोठे खेळाडू हसले होते. पण चार संघ झाले. आपली गोदावरी, मग कृष्णा, तापी आणि कावेरी. संघात आठ जण, म्हणजे चार जोड्या. पहिल्या वर्षी कंपनीनं टोप्या पाठवल्या त्या चारही संघांना एकाच रंगाच्या, त्यामुळं कोण कोणाच्या बाजूनं खेळतंय ते आपल्यालाही कळेना. मग तापीवाल्यांनी टोप्या उलट्या घातल्या. बघायला कोण, तर गवत काढणाऱ्या बाया. आपली पिशवी आपणच वाहायची, मदतनीस ठेवायचा नाही, हा कर्नलसाहेबांचा नियम. बाकीच्यांचे खांदे पहिल्याच दिवशी गेले. आपण दोघं लहानपणापासून त्याच मैदानावर लोकांच्या पिशव्या वाहिलेले, आपल्याला त्यात नवीन काय होतं.

माझे वडील तिथं रखवालदार, तुझे घरचे तांड्यावरून बांधकामाला आलेले. इथं सिद्धेश्वरच्या धरणाच्या एका अंगाला माझं गाव आणि दुसऱ्या अंगाला तुझा तांडा, पण आपली ओळख झाली ती पुण्यात. लोकांनी टाकून दिलेल्या मोडक्या क्लबांच्या दांड्यांनी आपण शिकलो, आणि शिकत शिकत धंदेवाईक खेळाडू झालो, त्याची घरी कुणालाच खबर नव्हती. सुट्टीत गावी आल्यावर धरणाच्या बुडातल्या सुकलेल्या रानात आपण फटके मारायचो आणि बॉल शोधत फिरायचो, तेव्हा तुझी आई सगळ्यांना सांगायची की पोरांचं काहीतरी हरवलंय.

आपली जोडी कोणी निवडलेली नव्हती. बाकीच्यांना जोडीदाराशी इंग्रजीत बोलायचं होतं. ते आपापसांत ठरले, आणि मग उरलो आपण.

आणि उरलेल्यांनीच त्या वर्षी सगळे सामने जिंकले. काय जोडी होती रे आपली! तू बॉलजवळ उभा राहायचास आणि मान न वळवता विचारायचास, “बराबर?” मी मागून तुझे पाय बघायचो, झेंडा बघायचो आणि म्हणायचो, “बराबर.” मग तू मारायचास. माझ्या वेळी तू मागं. दिवसभर तेच. कावेरीवाल्यांना तो मंत्र वाटायचा. त्यांच्यातल्या एकानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, हे तुमच्याकडच्या कुठल्या देवाचं नाव आहे. मी सांगितलं, हिंगोलीचा आहे, नवसाला पावतो. पुढच्या सामन्यात त्यांची जोडी ‘बराबर, बराबर’ म्हणत पाण्यात गेली.

हे मी बोलणार आहे. शेवटच्या वर्षाचं काय बोलायचं ते अजून ठरत नाही. तू असतास तर म्हणालो असतो, तूच सांग.

विश्वंभर


कनेरगाव नाका
२३ ऑक्टोबर २०२४

मोहनसिंग,

सोयाबीनचे दिवस आहेत. ट्रॅक्टरवाले, मळणीवाले, हमाल, सगळे एकाच वेळी जेवायला येतात. संध्याकाळी खांदा हात लावू देत नाही. नर्मदा म्हणते, “त्या पुण्याच्या खेळाचं आता खूळ काढा डोक्यातून. झारा उचलंना तुमच्यानं.” बायको खरं बोलते, त्यामुळं तिच्याशी भांडता येत नाही.

शेवटचं वर्ष मी लिहून बघतो. मला दिसलं तसं लिहितो.

२०१२. आपण अंतिम फेरीत आणि समोर कृष्णा संघ, आदल्या वर्षीचे विजेते. बरोबरी झाली तर कप त्यांच्याकडंच राहणार, हा नियम सगळ्यांना पाठ होता. आपली जोडी सगळ्यात शेवटी होती. आपण शेवटच्या होलवर आलो तेव्हा आपला सामना बरोबरीत होता, आणि संघाचं काय व्हायचं ते आपल्या पुढं खेळणाऱ्या जोडीवर होतं. पहिला फटका माझा. तो मी डावीकडं झाडीत घातला, ते माझं पाप, त्याबद्दल तू कधी चकार शब्द काढला नाहीस. तू पिशवी घेऊन झाडीत गेलास. मी टेकाडावर चढलो.

तेवढ्यात पुढं ओरडा झाला. आपली ती पुढची जोडी जिंकली होती. कर्नलसाहेबांनी लांबून टोपी हलवली आणि एक बोट वर केलं. म्हणजे आपला संघ एकानं पुढं. म्हणजे आपल्याला जिंकायची गरजच नव्हती. नुसता होल सारखा सुटला असता तरी कप आपला. कृष्णावाल्यांचा बॉल वाळूत रुतलेला. तू तळ्याच्या अलीकडं हळूच एक फटका टाकायचा होतास, पुढचा मी झेंड्याजवळ नेला असता, संपलं. लहान लेकराला कळेल असा हिशेब होता तो.

आणि तू झाडीतून सरळ झेंड्यावर मारलास. तळ्यावरून. बॉल पाण्यात पडला तो आवाज मला टेकाडावर ऐकू आला. सामना गेला, संघ सारखे झाले, कप कृष्णावाल्यांकडं राहिला.

पुढचं तुलाही माहीत आहे. मी पळत खाली आलो आणि ओरडलो, “काहून मारलास? सोडून द्यायचं व्हतं ना, आपण पुढं व्हतो!” तू माझ्याकडं बघतच राहिलास. मग म्हणालास, “तूच तर सांगितलास.” कर्नलसाहेब आले. त्यांनी मला विचारलं, “विश्वंभर, तू याला काय सांगितलंस?” मी खरं ते बोललो. म्हणालो, “मी काहीच सांगितलं नाही.” त्यांनी तुझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली. तू पिशवी उचललीस आणि तळ्याच्या कडेनं निघून गेलास. नंतर लोक काय काय बोलले. मोहनसिंगला एकट्याला हिरो व्हायचं होतं, असं म्हणाले. कुणी याहून वाईट बोलले. मी त्यांना गप्प केलं नाही, कारण मलाही कळत नव्हतं. तू चुकीचा फटका मारलास याचा राग मला आठवड्यात विसरता आला असता. पण तू चूक माझ्या अंगावर ढकललीस, ती राहिली.

पुढच्या वर्षी सगळं नीट होईल असं वाटत होतं. पण पुढचं वर्ष आलंच नाही. कंपनीचे मालक बदलले, नव्या मालकांना क्रिकेट आवडायचं. कर्नलसाहेब गेले. चषक बंद झाला असं कुणी सांगितलंसुद्धा नाही. फोन यायचा तो आला नाही, एवढंच. मीही मग एक दिवस सामान उचललं आणि इकडं आलो.

आता थकलो आहे, मोहनसिंग. भांडायचा पण कंटाळा आला. दिवाळीला तू नांदेडहून औंढ्यावरून तांड्यावर येतोस आणि तसाच परत जातोस, हे मला दरवर्षी कळतं. यंदा नाक्यापर्यंत ये. जेवू घालीन आणि काही विचारणार नाही.

विश्वंभर


कनेरगाव नाका
१० नोव्हेंबर २०२४

मोहन,

तू आला नाहीस. तांड्यावर आलास आणि भाऊबीज करून परत गेलास, असं कळलं. ते असू दे. आज लिहायचं आहे ते वेगळं आहे, आणि मला नीट सुचत नाही, म्हणून घडलं तसं सांगतो.

परवा दुपारी वाशीमकडून एक ट्रक आला. चालक आणि त्याच्याबरोबर त्याचा मेहुणा. दोघांनी शेवभाजी मागितली, मेहुण्यानं मात्र बजावून सांगितलं की मला फिकी द्या, पोटाचं दुखणं आहे. वाढायला जळबा होता. हा आमचा जुना माणूस, आखाडा बाळापूरचा, कामाला चोख, पण ऐकलं तेवढंच करणारा. चालकानं घास घेतला आणि म्हणाला, “लई झणझणीत झालं राव हे. जरा बराबर कर.”

जळबानं चालकाची वाटी उचलली आणि मेहुण्याच्या वाटीत ओतायला लागला. दोन्ही वाट्यांत रस्सा सारखा होईपर्यंत, वाकून बघून, ओतत राहिला.

मेहुणा उठूनच उभा राहिला. “अय! डागदरानं तिखट बंद केलंय माझं. काहून ओतून राहिलास?”

जळबा म्हणाला, “ह्यांनीच म्हणलं की बराबर कर. आता दोघाचं बराबर झालं.”

“म्या चवीचं म्हणलो व्हतो!” चालक ओरडला. “चव बराबर कर म्हणलो, माप न्हाई!”

“मंग तसं सांगायचं ना. म्या काय पोटात शिरून बघू का, तुमाला कोंचं बराबर पायजे?”

सगळा धाबा हसत होता. मला हसू आलं नाही. माझ्या हातातला झारा कढईत पडला. नर्मदा आतून विचारत होती काय झालं.

मोहन, तू टेकाडाखालून, झाडीतून ओरडून विचारलं होतंस, “बराबर?” आणि मी ओरडलो होतो, “बराबर!” हे मला तेव्हा आठवलं. दिवसभरात शंभरदा बोललेला शब्द, तो बोललो हे माणसाच्या लक्षात तरी कसं राहणार? मला वाटलं, तू नेहमीसारखे पाय विचारतोस. मी तुझे खांदे बघितले, पाय बघितले, सगळं तळ्याच्या कडेकडं रोखलेलं दिसलं, म्हणून सांगितलं. पण तू पाय विचारत नव्हतास. तू स्कोर विचारत होतास. संघ बराबरीवर आहेत का, एवढंच. आणि मी हो म्हणालो.

बराबर असते तर जिंकावंच लागलं असतं. मग तळ्यावरूनच मारावं लागलं असतं. मीही तेच केलं असतं.

हे मला पक्कं करून घ्यायचं होतं. मी त्याच दुपारी धाबा जळबावर टाकून तांड्यावर गेलो. बेबीबाई हळदीच्या रानात होती. मला बघून म्हणाली, “दादा, तुमी? आज कसं काय आलाव?” मी विचारलं, शेवटच्या सामन्याबद्दल मोहन घरी काय म्हणाला होता. तिनं विळा खाली ठेवला.

“काय म्हणणार? लई दिवस तर बोललाच न्हाई. मंग आईला म्हणला, झाडातून काय बी दिसंना, म्हणून म्या इसंभरला इचारलं, बराबर हाय का? त्यो बराबर म्हणला. अन् नंतर साऱ्या लोकांत म्हणला, म्या काहीच सांगितलं न्हाई.” मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, “दादा, खरं सांगा. तुमी खोटं बोल्लाव का त्या दिवशी?”

मी म्हणालो, “न्हाई, बाई. अन् त्यो बी न्हाई.”

तिला काही कळलं नाही. मी बांधावर बसलो आणि मला रडू आलं. बेबीबाईनं पाणी आणून दिलं आणि जवळ बसली. मग मी तिला वाट्यांची गोष्ट सांगितली. ती आधी हसली, मग तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, “एका शब्दापायी इतकी वर्सं? आई तुमचं नाव काढत गेली की हो. पोरांचं हरवलेलं सापडलं का म्हणून इचारायची.”

तू मला खोटारडा समजत होतास, मी तुला. इतर कुणाच्या जोडीत असं झालंच नसतं. त्यांनी इंग्रजीत विचारलं असतं, त्यांच्याकडं पायाला एक शब्द आणि स्कोरला दुसरा. आपल्याकडं चवीला, मापाला, हिशेबाला, होकाराला, सगळ्याला एकच. त्याच शब्दानं जिंकलो आणि त्याच शब्दानं गेलो.

आता पटतं का बघ. नाही पटलं तर जळबाला साक्षीला आणतो.

विश्वंभर


कनेरगाव नाका
३० नोव्हेंबर २०२४

मोहन,

अजून काही नाही. पत्र पोचलं नसेल, किंवा पोचलं आणि पटलं नसेल. बेबीबाई म्हणते, तिनंही फोनवर तुला सांगून बघितलं. तू ऐकून घेतलंस, “बरं” म्हणालास आणि ठेवलास. हा ‘बरं’ तरी कुठल्या अर्थाचा, ते तिला विचारायचं सुचलं नाही.

सेक्रेटरींना मी सांगितलं आहे, पंधरा तारखेपर्यंत थांबा. ते म्हणाले, तुम्ही आलाच नाहीत तर कार्यक्रमाला मजा नाही, हवं तर तुम्हाला दुसरा जोडीदार देतो, तापीचा एक जण मोकळा आहे. मी नको म्हणालो. टोपी उलटी घालणाऱ्या माणसाबरोबर मी खेळत नाही.

खरं कारण तुला माहीत आहे. मला ते तळं बुजायच्या आत एकदा त्या झाडीपाशी तुझ्याबरोबर उभं राहायचं आहे. कप नको. कपात फुलं आहेत, राहू देत. रस्ता झाल्यावर तिथून गाड्या जातील आणि आपल्या दोघांमध्ये काय झालं होतं हे दाखवायला जागासुद्धा राहणार नाही, याची मला फार भीती वाटते. हे इथं कुणाला सांगावं? नाक्यावर मी ‘धाबेवाले विश्वंभर’. गोल्फ म्हटलं की लोक विचारतात, ते गोट्यांसारखं असतं ना? मी हो म्हणतो. भांडायला जीव नाही.

काल सकाळी मागच्या रानात जुना क्लब घेऊन गेलो. सोयाबीन निघालं आहे, रान मोकळं आहे. बॉल ठेवला, उभा राहिलो, आणि मान न वळवता तोंडातून गेलं, “बराबर?” मागं कोणी नव्हतं. मी मारलाच नाही. बॉल उचलून घरी आलो.

विश्वंभर


कनेरगाव नाका
१५ डिसेंबर २०२४

प्रिय मोहन,

आज नावं द्यायचा शेवटचा दिवस. सकाळपासून मी फोन उलटा करून ठेवला होता, सेक्रेटरींना नाही म्हणायचं जिवावर आलं होतं. दुपारच्या गर्दीत तो वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. एका हातात ताट होतं, दुसऱ्या हातानं कानाला लावला. पलीकडून नुसता वाऱ्याचा आवाज. मी दोनदा हॅलो म्हणालो. ठेवणार होतो, तेवढ्यात तू बोललास.

“बराबर?”

जिभेवर काय आलं होतं ते तुला माहीत आहे. बारा वर्षांपूर्वी आलं तेच आलं होतं. ते मी गिळलं. ताट खाली ठेवलं आणि विचारलं,

“कसलं बराबर?”

मला वाटलं, गेलास. मग म्हणालास,

“स्कोर.”

“न्हाई,” मी म्हणालो, “बराबर न्हाई. आपण एकानं पुढं हाव.”

“मंग तळ्याच्या अलीकडं टाकू?”

“टाक. सावकाश टाक. पुढचा माझा हाय.”

आणि फोन बंद झाला. तू ठेवलास की डोंगरात रेंज गेली, ते आल्यावर सांग. मी लगेच परत लावला नाही. गिऱ्हाइकं बघत होती. जळबानं गुपचूप ते ताट उचलून नेलं. ज्याचं होतं त्याच्याकडंच नेलं, हे नशीब.

मग मी पुण्याला फोन करून दोन्ही नावं दिली. तुला न विचारता दिली. आता मागं घेता येत नाहीत.

फोनवर जे राहिलं ते सांगतो, कारण फोनवर आपलं काय होतं ते आपण बघितलं आहे. अकरा तारखेला सकाळी मी पुण्यात पोचतो. तू थेट मैदानावर ये. बेबीबाईनं तुझ्यासाठी तिळाची चटणी द्यायचं कबूल केलं आहे, ती माझ्याकडं असेल. कर्नलसाहेबांच्या नियमाप्रमाणं पिशवी आपापली. माझा डोळा गेला आहे, त्यामुळं बॉल कुठं पडला ते तू सांगायचं, आणि एका शब्दात सांगायचं नाही. पायाला पाय म्हण, स्कोरला स्कोर म्हण. झाडीपाशी आपण दोघंही जाऊ, टेकाडावर मी एकटा चढणार नाही.

आणि मुख्य सांगायचं ते हे. ये. या शब्दाचे आपल्याकडं दोन अर्थ होत नाहीत, मी नर्मदेला विचारून घेतलं आहे.

तुझा,
विश्वंभर